आधी ठरवा, कुणी थांबवायचं

परभणीच्या एका संगीतशिक्षकांनी विचारलं आहे. त्यांचा सहा जणांचा गट आहे: पेटी, व्हायोलिन, बासरी, पखवाज, हलगी आणि तुणतुणं. गाणं नको, कीबोर्ड नको, माइक नको आणि कुणा एकाची रचनाही नको. सगळ्यांनी मिळून काहीतरी नवं, प्रयोगशील बसवायचं आहे. पण प्रत्येक तालमीत तेच होतं. दहा मिनिटं बरं चालतं, मग लय चढते, आठ मात्रांचा नेहमीचा केरवा सुरू होतो, हलगीखाली सगळे गाडले जातात आणि शेवटी तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, टाळ्या. ते विचारतात, "हे तर फ्यूजनच झालं. अडतंय कुठं? नोटेशन लिहायचं का? आणि रचना नावावर कुणाच्या लावायची?"

मी पखवाज वाजवतो, अंबाजोगाईला असतो आणि अशा गटांमध्ये बरीच वर्षं बसतो आहे. उत्तर लांबणार, बसून वाचा.

काय वाजवायचं यावर तुमची खूप चर्चा झालेली दिसते. राग कुठला, ताल कुठला, सुरुवात कशी, सगळं. पण सुरू कुणी करायचं, वळण कुणी द्यायचं आणि थांबवायचं कुणी, हे तीन अधिकार कुणाकडे आहेत ते कुणीच ठरवलेलं नाही. ते मोकळे सोडले की आपोआप सवयीच्या हातात जातात. आणि आपली सगळ्यांची सवय एकच: पुढे एक जण, मागे साथ. गायक काढून टाकला म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. बासरी तिथे जाऊन बसते, बासरीचा दम संपला की पेटी, आणि ताल धरणारा बिचारा वाट बघत असतो की माझी पाळी कधी. पाळी आली की तो सगळा हिशेब चुकता करतो. तुमची लय चढते ती तिथेच.

सामूहिक रचना म्हणजे माझ्या मते या तीन अधिकारांची वाटणी. सूर-ताल त्यानंतर. ही वाटणी आपल्याकडे नवी आहे असंही नाही. देवीच्या गोंधळाचं आख्यान नीट बघा. नायक कथा लावतो, पण ती पुढे सरकते साथीदाराच्या प्रश्नांवर. तो मध्येच अडवतो, भलताच अर्थ काढतो, कथेला आडवाटेला नेतो, आणि नायकाला तिथून वाट काढत परत यावं लागतं. म्हणजे सुरुवातीचा अधिकार नायकाचा, वळणाचा साथीदाराचा. आता शास्त्रीय मैफलीतली तबल्याची साथ आठवा. तिथे वळण कुणाच्या हातात असतं? तुमच्या गटात गोंधळाच्या घरातलं कुणी असेल तर या बाबतीत ते तुमच्यापेक्षा पुढे आहेत. त्यांना विचारा.

बाहेरचं एक उदाहरण सांगतो, कारण ते उद्या सकाळी करून बघता येतं. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने १९६४ मध्ये 'इन सी' नावाची रचना केली. तिच्यात ५३ छोटे तुकडे आहेत. वाद्यं कुठलीही चालतात, माणसं कितीही. सगळ्यांनी तुकडे त्याच क्रमाने वाजवायचे, पण एक तुकडा किती वेळा घोळवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त गटापासून दोन-तीन तुकड्यांपेक्षा लांब जायचं नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही. कधी पाऊण तास, कधी दीड तास. दरवेळी वेगळं, तरी दरवेळी तीच रचना. पुढे हेच रायली किराना गायकीचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले.

तुम्ही ५३ नका करू. प्रत्येकाने आपल्या वाद्याला साजेसा एक तुकडा आणायचा, चार ते सात मात्रांच्या आतला. सहा माणसं, सहा तुकडे. क्रम चिठ्ठ्या टाकून लावा. मग प्रत्येकाने सहाही तुकडे वाजवायचे, म्हणजे हलगीचा तुकडा बासरीने आणि बासरीचा हलगीने. इथे खरी मजा येते. हलगीवर सूर नाही, म्हणून वाजवणारा बासरीच्या तुकड्यातलं नेमकं काय उचलतो? कुणी लांब-आखूड उचलतो, कुणी श्वासाची जागा. आमच्याकडच्या हलगीवाल्या मामांनी फक्त श्वासाच्या जागा वाजवल्या होत्या. बाकी सगळं मोकळं सोडलं. बासरीवाला बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला.

तुमच्या तुकड्यांच्या मात्रा शक्य तितक्या वेगवेगळ्या असू द्या. पाच आणि सात मात्रांचे तुकडे एकाच वेळी घोळायला लागले की दोन्ही आरंभ एकत्र यायला ३५ मात्रा लागतात. शेजारी चार आणि सहाचेही चालू असतील तर ४२०. सम, म्हणजे सगळे एकत्र येतात ती पहिली मात्रा, इतकी लांब गेली की हात आपोआप तिची वाट बघणं सोडतो, आणि केरवा शिरायला फट राहत नाही.

'इन सी'मध्ये पियानोवरचा एक वरचा सूर सतत ठोकत राहतात, लयीचा खुंटा म्हणून. ती सूचना स्टीव्ह राइश या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराची होती. तुमच्याकडे तुणतुणं आहे म्हणून लगेच हे काम त्याला द्यावंसं वाटेल. देऊ नका. तुणतुण्याचा वेगळा उपयोग सांगतो.

आपल्या गावोगावच्या सप्ताहात विण्याचा पहारा असतो. विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, पहाऱ्याची वेळ ठरलेली असते. त्यातला भाव सप्ताहाचा आहे, तो तिथेच राहू द्या. पण वाद्य हातोहात फिरतं आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडे जबाबदारी आहे, ही रीत उचलण्यासारखी आहे. आमच्या गटात आम्ही ती अशी उचलली: तुणतुणं सहाही जणांमध्ये फिरतं. ज्याच्या हातात तुणतुणं, त्याचं स्वतःचं वाद्य तेवढा वेळ बंद. त्याने नुसता सूर छेडत राहायचा आणि ऐकायचं. आणि थांबवण्याचा अधिकार फक्त त्याचा. तुणतुणं थांबलं की चालू असलेला श्वास किंवा ठोका पुरा करून सगळ्यांनी थांबायचं. तिहाई नाही, जोड नाही, एकमेकांकडे बघून मान हलवणं नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. वाजवताना पहिल्यांदा काय होतं ते सांगतो: तुणतुणं हातात आलं की माणूस घाबरून ते पुढच्याला देऊन टाकतो, कारण स्वतःचं वाद्य सोडवत नाही. म्हणून किमान वेळ ठरवून द्या. दोन मिनिटं पुरे. दुसरं असं होतं की पेटीवाले सरच नेहमी थांबवतात, बाकीचे धजावत नाहीत. त्यासाठी काही तालमी पेटीवाल्यांकडे तुणतुणं जाऊच देऊ नका. ज्याला तालमीत सगळ्यात कमी बोलायला मिळतं त्याच्याकडे ते जास्त वेळ राहू दे. "कवा थांबायचं तेवढं आमच्यावर सोडा, बाकी तुमचं चालू द्या," असं आमच्या मामांनी एकदा सुनावलं होतं, आणि त्या दिवशीचं थांबणं आजवरचं सगळ्यात चांगलं होतं.

आता सुराचं. तुमच्या प्रश्नात हे आलेलं नाही, पण आज ना उद्या भांडण इथेच होणार. पेटीचे सूर पक्के, ती हलत नाही. व्हायोलिन कुठेही जाऊ शकतं. आणि बासरी हवामानाप्रमाणे सरकते. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटरवरून ३५५ वर जातो, आणि बासरीचा सूर त्याच प्रमाणात चढतो. हिशेबाने हे अंतर पेटीच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडं जास्त येतं. फुंकेची ऊब दोन्ही वेळी सारखीच असल्यामुळे प्रत्यक्षात ते कमी भरतं, पण कानाला झोंबण्याइतकं नक्की उरतं. डिसेंबरच्या सकाळी जुळलेली जोडी एप्रिलच्या दुपारी जुळत नाही. तार मात्र उन्हात सैलावते, म्हणजे तुणतुणं उतरतं, आणि कोरड्या हवेत चामडं ताणलं जाऊन हलगी चढते. परभणीत उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो. तुमची सहा वाद्यं सहा दिशांना पळणार हे धरून चाला.

भजनी मंडळात यावर एकच उपाय असतो: मिळवून घ्या. तुम्ही दुसरा करून बघा, तो फरकच वाजवा. पेटीची मधल्या सप्तकातली 'काळी एक', म्हणजे पहिली काळी पट्टी, सेकंदाला सुमारे २७७ कंपनांची असते. बासरी २८० वर असेल तर दोन्ही एकत्र धरल्यावर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात, आवाज आत-बाहेर झाल्यासारखा. बासरीवाल्याने ओठाचा कोन किंचित बदलला की हेलकावे मंदावतात, एका जागी विरघळतात, मग पुन्हा सुटतात. एका सुराच्या आसपास नुसते हे हेलकावे सांभाळत दहा मिनिटं काढा. धा-धिन-ना ची आठवणही होणार नाही.

फ्रान्सच्या संगीतकार एलियान रादिग यांनी कित्येक दशकं सिंथेसायझरवर असंच अतिसावकाश काम केलं, आणि मग उतारवयात त्या जिवंत वाद्यांकडे वळल्या. २०११ पासून सुरू झालेली त्यांची 'ऑकाम' नावाची रचनामालिका तुमच्या नोटेशनच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. तिला लिहिलेली संहिता नाही. रादिग एकेका वादकाबरोबर बसत, पाण्याशी निगडित एखादी प्रतिमा मनात धरायची, आणि त्या वादकाच्या वाद्यातून, त्याच्या हातातून रचना घडवायची. ती त्याचीच. दुसऱ्याला हवी असेल तर त्याच्यापुढे बसून घ्यायची. युरोपात याचं अप्रूप वाटलं. आपल्याला कशाला वाटावं? पखवाजाचे परण, म्हणजे बांधलेले लांब बोल, मी कागदावरून शिकलेलो नाही.

तरीही एक कागद ठेवा. सूर लिहू नका, अधिकार लिहा. कुणाने सुरू केलं, किमान वेळ किती, कोण कुणाला अडवू शकतो, कुठलं वाद्य कधी बंद. एका पानात मावलं पाहिजे. मावत नसेल तर नियम जास्त झालेत. चित्रांच्या संहिता कुणीतरी दाखवेलच, इंग्रज संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू यांचं १९३ पानांचं 'ट्रीटीज' वगैरे. रेषा, वर्तुळं, आकडे, आणि ते कसं वाजवायचं याची एकही सूचना नाही. सुंदर आहे. पण सुरुवातीला नको. ज्यांना एकमेकांना ऐकायची सवय लागलेली नाही ते चित्राकडे बघत आपापलं वाजवतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात.

हलगीबद्दल. ती उघड्या मैदानाचं वाद्य आहे, मिरवणुकीचं. खोलीत तिला "हळू वाजव" म्हणणं हा तिचा आणि वाजवणाऱ्याचा अपमान आहे, आणि त्याने आवाज कमी होतही नाही, फक्त घाबरट होतो. अंतर वापरा. हलगी व्हरांड्यात, बाकीचे आत. किंवा जाळावर न शेकता वाजवा: चामडं सैल असताना तिचा तो कडकडाट नसतो, खालचा घोगरा आवाज निघतो जो लग्नात कुणाला नको असतो. टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, बाजूला ठेवून बोटांनी, कड्यावर नखांनी, तळहात चामड्यावर घासून. आणि मग रचनेच्या मधोमध शेकायला उठायचं. जाळ करायचा, हलगी धरायची, तिचा आवाज हळूहळू वर चढत जातो, आणि तोपर्यंत बाकीच्यांनी जे चालवलंय ते तिच्या येण्याने बदलतं. वळणाचा अधिकार जाळाकडे. आम्ही हे अंगणातच केलं. बंद खोलीत करू नका.

पखवाजाचंही तसंच आहे. डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला, कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही, हे तुमच्या पखवाजीला सांगायला नको. पण कणीक आधी लावून बसायचं असं कुणी सांगितलंय? कोरड्या पुडीने सुरू करा. आवाज पोकळ, वरचा, जवळजवळ डफासारखा येईल. मग वाजवता वाजवता चिमूट चिमूट कणीक चढवत जायची. दर चिमटीला सूर खाली उतरतो. बासरी आणि व्हायोलिनने त्या उतरत्या सुराच्या मागे जायचं, कुणी आधी पोचायचं नाही. गोळा संपला की रचना संपली. इथे थांबवण्याचा अधिकार परातीत आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९४० च्या सुमारास पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवून त्याचा आवाज बदलला, तेव्हापासून पाश्चात्त्यांकडे वाद्यात वस्तू घालण्याची एक परंपराच झाली. आपल्या वाद्यात ही वस्तू कधीपासूनच आहे.

माणसांबद्दल थोडं, कारण यावर कुणी बोलत नाही. तुमच्या गटात पेटीवाल्यांना "सर" आणि हलगीवाल्याला "ए, इकडं ये" असेल, तर कागदावर काहीही लिहा, रचना सरांचीच होणार. हाक आधी बदला. हलगी, संबळ, चौंडकं वाजवणाऱ्यांचं पोट त्यावर आहे. लग्नसराईत आणि नवरात्रात तालीम ठेवू नका. तेव्हा सुपाऱ्या असतात आणि तुम्ही त्यांना सुपारी आणि प्रयोग यांच्यात निवड करायला लावणं अन्यायाचं आहे. तालमीचे पैसे द्या, निदान जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी. एरवी "आपण सगळे समान" या वाक्याला काही अर्थ नाही. आणि आराध्यांचं चौंडकं किंवा जोगव्याची चाल घ्यायची असेल तर आधी विचारा. काही घरांत ते वाद्य देवीपुढेच वाजतं. नाही म्हणाले तर नाही.

जागा. माइक नको हा तुमचा निर्णय उत्तम; त्यावर ठाम राहा, कारण माइक आला की अंतर संपतं, आणि अंतर हे तुमच्याकडचं सातवं वाद्य आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पत्र्याचा वर्ग तालमीला बरा, पावसाळा सोडून. देवळाचा दगडी सभामंडप बरा. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात, एक 'सा' धरला तरी छताच्या कोरीव वाशांमधून तो घुमत राहतो. तिथे कार्यक्रम करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, पण नुसतं शांत उभं राहून ऐकून यायला तिकीट पुरतं. अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून अकॉर्डियन वाजवलं, सोबत दोन जण. तिथे आवाज विरायला ४५ सेकंद लागत. अशा ठिकाणी घाई करताच येत नाही. लयीचा निर्णय भिंती घेतात. तुमच्या जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. बारव वरून उघडी असते, त्यामुळे गुंज लांबत नाही, पण दगडावरून आवाज परत येतो आणि वाजवणारे वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसले तर कोण कुठून वाजवतंय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. गावाला विचारून, पाण्यात काही न टाकता, एक सकाळ तिथे घालवा.

लोकांपुढे पहिल्यांदा वाजवाल तेव्हा वीस मिनिटांवर जाऊ नका आणि आधी भाषण करू नका. "हे कळलं नाही" असं कुणी म्हणालं तर त्यांच्या हातात तुणतुणं द्या. हे मी गमतीने लिहीत नाही. सातवा माणूस म्हणून श्रोत्याला थांबवण्याचा अधिकार दिला की मंडळी कान टवकारून ऐकतात. गणपतीच्या मांडवात मात्र जाऊ नका, शेजारच्या चौकात डीजे असतो.

राहिलं नाव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहिलेलं किंवा छापलेलं संगीत अशीच व्याख्या होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती बदलली. आता नोटेशन असलं तर तेही त्यात येतं, पण नसलं म्हणून अडत नाही. म्हणजे कागद नाही म्हणून रचना कुणाची नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. त्याच कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची तरतूद आहे: एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही असं मिळून केलेलं काम. तुमच्या सहा जणांचं तंतोतंत हेच आहे. अशा कामाचा हक्क शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे हलगीवाल्याच्या नातवंडांचाही त्यात वाटा आहे. तेव्हा पहिल्या जाहीर प्रयोगाआधी एक साधं पत्र करा. सहा नावं, आडनावाच्या अकारविल्हे. मानधन सहा समान वाटे. ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकायचं तर सहाही सह्या. कुणी गट सोडला तर त्याचं नाव त्या रचनेवर राहील, पण त्याच्या जागी आलेला माणूस ती वाजवू शकेल. फक्त त्याने ती सोडून जाणाऱ्यापुढे बसून घ्यायची, आणि सोडणाऱ्याने शिकवायला नाही म्हणायचं नाही. हे कलम आमच्या पत्रात नंतर घालावं लागलं. तुम्ही आधीच घाला.